बदल: तातडीचे व अतितातडीचे

२०१५ साली ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा शासनाचा कार्यक्रम आला आणि ज्ञानरचनावाद, म्हणजे मूल स्वतः करून शिकतं हा विचार, गावोगावी पोचला, तो बहुतेक ठिकाणी ऑइलपेंटच्या डब्यातून. वर्गाच्या फरशीवर वर्तुळं आली, अंकांचे चौकोन आले, बाराखडी आली. काही शाळांत मुलं खरोखर त्यावर बसून शिकली, नाही असं नाही. बाकीच्यांत फरशीचा फोटो वर गेला आणि काम फत्ते! आता रंग उडालाय, पण पोषण आहाराच्या पंगतीला ती वर्तुळं झकास: एका वर्तुळात एक ताट.

२०२३-२४ला दप्तराचं ओझं हलकं करायला पाठ्यपुस्तकांत वहीची कोरी पानं घातली. मुलं वह्याही नेतच राहिली. जानेवारी २०२५मध्ये शासनाने पानं काढायचं ठरवलं. म्हणजे हाही बदलच. मोजायचे झाले तर दोन.

मुख्याध्यापकांनी बदलाचं नेतृत्व करावं, असं प्रशिक्षणात सांगतात. करतील की! तेवढ्यात ग्रुपवर केंद्रप्रमुखांचा मेसेज पडतो: ‘लिंक चारपर्यंत भरा. निरंक असल्यास तसे कळवा.’ दोन शिक्षकी शाळेत मग एक सर लिंक भरतात आणि दुसरे चार वर्ग सांभाळतात.