सरपंचांची शुगर

"बाई, सरपंचाला शुगर निघाली म्हणं?"

वहिनींनी हे कुंपणापलीकडून एवढ्या मोठ्यानं विचारलं, की डेअरीला दूध घालायला निघालेला पोरगा गाडी थांबवून बघायला लागला. मी घाईघाईनं म्हटलं, "अहो वहिनी, बोका! आमचा बोका सरपंच!"

"मंग मी तरी कुणाचं इचारते? खऱ्या सरपंचाला तर निवडणुकीच्या आधीपासनंच हाय."

आमच्या घरात चार मांजरं. ह्यांची सगळी नोकरी पंचायत समितीत गेली, त्यामुळे नावंही गावकारभारातलीच. तांबडा, लठ्ठ, कुणाचं न ऐकणारा तो सरपंच. शोधायला जावं तेव्हा कधीच जागेवर न सापडणारा तो तलाठी. ओट्यावर बसून सगळ्यांवर नजर ठेवणारी ती पाटलीण. आणि कुणीही यावं, टपली मारून जावं असा धाकटा शिपाई. वहिनींना चौघंही पाठ. मी त्या दिवशी कुंपणापाशी गेले ती काही सहज नव्हे, एक काम होतं. पण कुंपणावर मुद्द्याला थेट हात घातला तर आमच्याकडे ते भांडण धरतात. आधी पाऊसपाणी, मग टोमॅटोचा भाव, मग आजारपण आणि जाता जाता काम. आजारपण त्यांनीच काढल्यामुळे माझ्या दोन पायऱ्या वाचल्या.

"व्हणारच की शुगर," वहिनी म्हणाल्या. "इकडं विघ्नहर कारखाना, तिकडं भीमाशंकर. मधी समदा ऊस. कुठल्यातरी गुऱ्हाळावर जाऊन काकवी चाटली आसंल मेल्यानं."

"गोडाचं त्याला काही नाही वहिनी. मांजराला गोड कळतच नाही. २००५ साली शास्त्रज्ञांनी शोधून काढलंय. गोडाची चव सांगणारा जनुकच त्यांच्यात मोडलेला. वाघात, चित्त्यातही तसंच."

"आवो, मंग ओझरचा पेढा पळवला व्हता की माझ्या हातातला!"

"तो दुधासाठी."

"म्हंजे परसादाची चव बी नाय कळली त्याला," वहिनींना याचं मात्र मनापासून वाईट वाटलं.

मी म्हटलं, खरं कारण बिबट्या. वहिनींनी हातातली मेथीची जुडी खाली ठेवली. जुन्नर-आंबेगावात बिबट्याचं नाव काढलं की हातातलं काम थांबतंच. ऊस डोक्याएवढा झाला की दिवेलागणीला आपण माणसंच दारं लावून बसतो. कुत्री-मांजरं तर त्याला फुकटची. म्हणून सरपंचाला अंधार पडायच्या आत घरात घ्यायला लागले. त्याचं ऑपरेशन आधीच झालेलं. आता ना उंदीर, ना मारामारी, ना कौलावरची गस्त. खायचं आणि कॉटवर लोळायचं. सात किलोच्या पुढे गेला. डॉक्टर म्हणाले, वय झालेला, ऑपरेशन झालेला, लठ्ठ, घरबशा बोका म्हणजे या आजाराचं ठरलेलं गिऱ्हाईक.

"ऑपरेशन सोडलं तर आमच्या मालकांचंच वर्णन केलं की त्यांनी!"

"कळलं कसं पर?" हा त्यांचा पुढचा प्रश्न. कळलं मुंग्यांमुळे. गोठ्यामागच्या कोब्यावर तो मुतला की तासाभरात मुंग्यांची रांग लागायची. ह्यांच्या आईच्या वेळी हेच पाहिलेलं, त्यामुळे मला शंका आली. बादलीतलं पाणी तर तो उभ्या उभ्या अर्धं करायचा. चौघांच्या घरात हे कळायला उशीर लागतो, कारण बादली एकच आणि मातीचा ट्रेही एकच. कोण जास्त पितंय, कोण जास्त मुततंय, हिशेब लागत नाही. खाणं दुप्पट आणि पाठीचे मणके मात्र हाताला लागायला लागले. शेवटी चालच बदलली. मांजर बोटांवर चालतं, हा मागचे पाय टाचेपर्यंत टेकून चालायला लागला.

आपल्या दवाखान्यात शिरवळला शिकून आलेले तरुण डॉक्टर आहेत. दिवसभर गाभण गाई आणि लाळ्या-खुरकूत. त्यांनीच सांगितलं, एकदा पुण्याला दाखवा. टोपलीत घालून चाकणच्या ट्रॅफिकमधून नेला, तो पोचेपर्यंत बोंबलत होता. मांजराची साखर नुसत्या भीतीनंही चढते, म्हणून पुण्याच्या डॉक्टरांनी त्या आकड्यावर विश्वास ठेवला नाही. मागच्या दोनेक आठवड्यांत साखर कशी राहिली ते सांगणारी वेगळी तपासणी केली. तीही वाढलेलीच निघाली.

"कारल्याचा रस द्यायचा मंग. नायतर जांभळाच्या बियांची पूड."

"गल्लीत सगळ्यांनी हेच सांगितलं. एकानं तर ह्यांच्या गोळीचा तुकडा द्या म्हणून सुचवलं. डॉक्टर म्हणाले, असलं काही करू नका, इन्सुलिनच लागेल."

"माणसाचं औषिद मांजराला?"

"माणसाला ते मिळालं कुत्र्यांच्या जिवावर. १९२१ साली कॅनडात कुत्र्यांवरच प्रयोग करून शोधलं. पुढे कितीतरी वर्षं माणसं गाईचं आणि डुकराचं इन्सुलिन टोचून जगली."

"आस्सं. मंग फेडायलाच पायजे."

आता आमच्या फ्रिजच्या दारात दोन बाटल्या. एक ह्यांची, एक सरपंचाची. खरी भीती तिथे आहे. ह्यांची बाटली एका मिलीलिटरला ४० युनिटांची, तिची सिरिंज लाल टोपीची. सरपंचाची १०० युनिटांची, तिची सिरिंज नारिंगी टोपीची. अंधारात चुकून त्याचं औषध लाल टोपीच्या सिरिंजमध्ये भरलं, तर एक युनिट म्हणून अडीच युनिटं जायची. बोका एका सुईत खलास. म्हणून मी त्याच्या बाटलीला घुंगराची दोरी बांधली आहे. हात लागला की वाजते. लाइट जाते तेव्हा बाटली डब्यात घालून डबा माठाशेजारी ओल्या फडक्यात ठेवते. आपल्याकडचा एप्रिल तिला सोसत नाही. बर्फाच्या कप्प्यात मात्र कधीच नाही, गोठलं की फुकट गेलं.

"टोचून घेतो का पर? नखं न्हाय मारत?"

लोकांना वाटतं सुई हेच अवघड. सुई सगळ्यांत सोपी. सकाळी सात, संध्याकाळी सात. आधी ताटली पुढे ठेवायची. तो खायला लागला की पाठीवरची कातडी दोन बोटांत उचलायची, खाली पोकळ खळगा होतो, त्यात टोचायचं. सुई केसाएवढी, त्याची मान ताटलीतून वर येत नाही. एकदा बोटाला ओलं लागलं, म्हणजे सुई कातडीच्या आरपार जाऊन औषध केसांवर सांडलेलं. अशा वेळी परत टोचायचं नाही. एखादी सुई हुकली तर चालतं, दोनदा गेलेली महागात पडते. आणि त्यानं ताटलीला तोंडच लावलं नाही, तर सुईही नाही. आधी डॉक्टरांना फोन.

अवघड आहे ते ताट. एक तर ताट बदललं. भाकरी बंद, भात बंद, दूध बंद, पाकिटातले कोरडे दाणेही बंद, कारण पिठाशिवाय ते दाणे बनतच नाहीत. डॉक्टर म्हणाले, माणिकडोहच्या निवारा केंद्रात बिबट्यांना कुणी दूध-चपाती घालतं का? हा त्यांच्याच भावकीतला. मग उकडलेली कोंबडी, उकडल्याचं पाणी टाकून न देता त्याच्यासकट, पण हाडं काढून, मीठ-कांदा-लसूण काही नाही. अंडं. कधी बाजारच्या दिवशी बांगडा. नुसत्या मांसावर भागत नाही म्हणून डॉक्टरांनी दिलेली पूड आणि पुण्याहून आणलेलं ओलं खाद्य. आणि हे करताना त्यांनी बजावलं होतं, की खाणं बदललं की साखर आपोआप उतरते, तेव्हा सुईचं मापही उतरवावं लागतं. मला विचारल्याशिवाय ताटलीत काही बदलू नका.

दुसरं म्हणजे ताटं चार. पूर्वी एक परात भरून ठेवली की दिवसभर ज्याला हवं तो खायचा. आता सरपंच मोरीत, दार लावून. पाटलीण ओट्यावर. शिपाई खुर्चीखाली. तलाठी फळीवर, कारण सरपंचाला आता तेवढी उडी मारता येत नाही. वीस मिनिटांत ताटल्या उचलायच्या, उरलेलं झाकायचं. पहिले काही दिवस चौघांनी मिळून जो गोंधळ घातला, तो मी शाळेत वर्गावर तीस-तीस पोरं सांभाळताना पाहिला नव्हता. मग ठरवलं, एकाला एक आणि तिघांना वेगळं ही भानगडच नको, चौघांनाही सरपंचाचंच जेवण. पाटलिणीचं पोट उतरलं. शिपाई वाढीचा, त्याला दुपारी जास्तीचं.

"मंग आता उतरली आसंल शुगर."

इथे माझं काम आलं.

"तेच तर कोडं होतं वहिनी. मी त्याच्या कानाच्या कडेला सुई टोचून थेंबभर रक्त काढते, ह्यांच्याच यंत्रावर बघते. माणसांच्या यंत्रावर मांजराचा आकडा जरा कमीच दिसतो, तरीसुद्धा रोज साडेतीनशेच्या आसपास. वहीत लिहून ठेवते. डॉक्टरांनी वही बघून माप वाढवलं. आणि मग मागच्या पंधरवड्यात एका दुपारी आला तो दारू प्यायल्यासारखा. झोकांड्या खातोय, नजर ठरत नाहीये. बघते तर ५२! हिरड्यांना मध चोळला, तोंडात ओतला नाही, ठसका लागतो. मग तसाच उचलून दवाखान्यात."

"आगंबाया. कशानं वो?"

"वही काढून बसले. साडेतीनशे, साडेतीनशे, साडेतीनशे. मग तीन दिवस उतरत उतरत ५२. मग माप कमी केल्यावर चौथ्या दिवसापासून पुन्हा वर. म्हटलं, ह्या तीन दिवसांत असं काय झालं? तेव्हा आठवलं, तुम्ही लेकीकडे मंचरला गेला होतात."

वहिनी मेथी निवडायला लागल्या. निवडलेलीच जुडी परत निवडली.

"म्हंजे मी कधी कुठं गेले, त्ये तुमच्या बोक्याच्या वहीत?"

"तारखेसकट."

थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही. मग त्या म्हणाल्या, "वाटीभरच घालते वो. दूध आन् त्यात चपातीचा चुरा. सकाळी धार काढून आले की हितंच बसल्याला आसतो. पायात घोळतो. तोंडाकडं बघतो. आमच्या घरात सकाळच्या पारी माझ्या तोंडाकडं बघणारं दुसरं कोण हाय?"

यावर मी काय बोलणार? वाटी रोज पडली असती तर एक वेळ डॉक्टरांनी तिचा हिशेब धरला असता. पण वहिनींची एकादशी, वहिनींची लेक, वहिनींची नारळी पौर्णिमा, या सगळ्याचा हिशेब सुईच्या मापात कसा बसवायचा? वाटी असली की साखर आभाळाला, नसली की बोका जमिनीवर. मी म्हटलं, वेळेवर धरला तर काही बोक्यांचं इन्सुलिन सुटतंही. कुत्र्यांत तसं क्वचितच होतं, मांजरांत होतं. पण ते वाटी बंद झाल्यावर.

"हुसकून मला नाय लावता यायचा," वहिनी ठामपणे म्हणाल्या. "तुमीच बांधून ठिवा."

"बांधायचा नाही आणि हुसकायचाही नाही. रोज रात्री मी कोंबडीच्या चार फोडींची डबी देते तुमच्याकडे. सकाळी आला की त्या घाला."

"माल तुमचा आन् नाव माझं?"

"नाव तुमचं."

वहिनींनी जरा विचार केला. "फोडी जरा मोठ्या करा. चार फोडींत त्याला वाटायचं, ही म्हातारी हात आखडता घ्यायला लागली."

सहा फोडींवर तुटलं. मी निघाले, सात वाजायला आले होते. तेवढ्यात मागून हाक आली.

"बाई, तलाठ्याला नाय ना शुगर?"

"नाही. का हो?"

"नाय, त्यो बी येतो. नऊच्या सुमाराला."

मी परत कुंपणाशी आले. "आणि पाटलीण?"

"ती दुपारी येती. पर ती खात नाय काय, नुसती साय चाटती."

"आणि शिपाई?"

"त्यो तर हितंच हाय की," म्हणत वहिनींनी मेथीची पाटी उचलली. खाली शिपाई बसला होता, मिशांना चपातीचा चुरा लागलेला.