कार्बन-६० साहेब, जरा सरकून बसाल का?

प्रति,
माननीय श्री. कार्बन-६० साहेब,
मुक्काम : पेरोव्स्काईटच्या थराला खेटून



मी मिरा रोडच्या सिल्व्हर पार्कला राहतो. आमच्या सोसायटीची गच्ची म्हणजे पाण्याच्या टाक्या, लिफ्टची खोली आणि उरलेल्या जागेत सोलर पॅनेलच्या दोन रांगा. त्यांवर जिन्यातले दिवे लागतात. लिफ्टचं बिल महिन्याला भरावंच लागतं. गच्ची काही वाढणार नाही, तेव्हा आहे त्याच जागेतून जास्त वीज काढायची. म्हणून लॅबमध्ये पेरोव्स्काईट या उन्हापासून वीज करणाऱ्या पदार्थाच्या मागे लागलो आणि आपली गाठ पडली.

आपलं घराणं थोर. साठ अणूंचा फुटबॉल! १९८५ मध्ये आपण सापडलात, १९९६ मध्ये आपल्या शोधाला नोबेल मिळालं. एवढी मोठी असामी आमच्या सोलर सेलमध्ये वीसेक नॅनोमीटरच्या थरात राहते, हे आमचं भाग्य. काम एकच : उन्हानं मोकळा केलेला इलेक्ट्रॉन पेरोव्स्काईटकडून घ्यायचा आणि तारेकडे पोचवायचा.

त्या कामात आपण दाराशी जो पाहुणचार करता, त्याबद्दल शतशः आभार. आपण आणि पेरोव्स्काईट टेकता तिथे अधल्यामधल्या ऊर्जेच्या जागा तयार होतात. बाहेर निघालेला इलेक्ट्रॉन तिथे अडकतो, त्याला होल (इलेक्ट्रॉन गेल्यावर मागे उरलेली रिकामी जागा) भेटतं, दोघंही संपतात, उरते ती उष्णता. मे महिन्यात आमच्या गच्चीवर तिचीच तेवढी उणीव होती!

१.६ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या पेरोव्स्काईटमधून सुमारे १.३ व्होल्ट मिळू शकतात. आपल्या कृपेनं हाती पडतात १.१ च्या आसपास.

आपलं कर्तृत्व मी डोळ्यांनी पाहिलंय. काचेवरचा नुसता पेरोव्स्काईट निळ्या प्रकाशात धरला की कॅमेऱ्याच्या पडद्यावर लख्ख उजळतो. मग निर्वात कक्षात आपली काळसर भुकटी तापवून तिची वाफ त्यावर चढवायची आणि तोच तुकडा पुन्हा धरायचा. पडदा काळवंडतो. ही चमक दहापट घटली की साधारण ६० मिलिव्होल्ट गेलेच. दिवसभर जिवापाड जपून केलेला थर, आणि आपण एका स्पर्शात विझवता. राग येतो साहेब, खरंच येतो.

दुसऱ्या बाजूला, होल जिकडून बाहेर पडतात तिथे, एका रेणूच्या जाडीचे शिस्तीचे थर आले आणि तिथली गळती बरीच आटली. अडून बसलात ते आपण.

२०१८ मध्ये पॉट्सडॅमच्या संशोधकांनी आपण आणि पेरोव्स्काईट यांच्यामध्ये लिथियम फ्लोराईडचा नॅनोमीटरभर पापुद्रा सरकवला आणि व्होल्टेज वर आलं. पुढे बर्लिनच्या हेल्महोल्ट्झ संस्थेनं याच सीमेवर पिपराझिनियम आयोडाईड वापरलं; त्यांचा टँडम, म्हणजे सिलिकॉनवर पेरोव्स्काईट रचलेला जोडसेल, २०२२ मध्ये ३२.५ टक्के कार्यक्षमतेवर पोचला. इकडे पवईच्या आयआयटीत दिनेश काब्रा यांच्या गटानं २०२३ मध्ये चार टोकांचा (दोन्ही सेलच्या तारा वेगळ्या असलेला) टँडम २६ टक्क्यांपुढे नेला. मिरा रोडहून पवई किती लांब? म्हणून तर आशा सुटत नाही.

आमच्या लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथा आला की लोक कुरकुरतात, पण सरकतात. आपल्याला फक्त एक नॅनोमीटर सरकायचंय. मध्ये कुणाला बसवायचं ते आम्ही बघतो. पावसाळ्यात मुंबईच्या दमटपणातही तो जागेवरून हलू नये, यासाठीच सध्या रात्री जागतो आहोत.

उद्या सकाळी दहाला पुन्हा आपली वाफ करणार आहे. कृपा असावी.

आपला,
सिल्व्हर पार्कचा एक रहिवासी