गोल्डनकाका

शनिवारी रात्री साडेदहाला फोन वाजला, की आमच्या दांडिया बाजारातली अर्धी मराठी मंडळी तो उचलतच नाहीत. उचलला की संपलं. "उद्या आकाश एकदम चोख्खं आहे. चारला गोल्डन चोकडी. स्वेटर घे, खाखरे मी आणतो." आपण 'नाही' म्हणायच्या आत फोन बंद.

गोल्डन चोकडी म्हणजे हालोलचा रस्ता जिथे बडोदं सोडतो तो चौक, आणि 'गोल्डन अवर' म्हणजे सूर्य उगवल्यानंतरचा सोनेरी तास. या दोन्ही ठिकाणी काका वेळेवर असतात. बाकी आयुष्यात कुठेच नाही. सख्ख्या भाच्याच्या लग्नातही ते शेवटची पंगत उठताना पोचले होते. म्हणून त्यांचं नाव गोल्डनकाका.

असा एक काका तुमच्याकडेही असणारच. पुण्याचा असेल तर तो सिंहगडावर नेतो, महाबळेश्वरला गेला तर अख्ख्या हॉटेलला उठवून विल्सन पॉइंटवर. बडोद्याचा काका नेतो पावागडावर. कोणी कुरकुर केली की काका सयाजीराव महाराजांना पुढे करतात. "महाराजांनी १९०६ मध्ये सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. मूल शाळेत नाही पाठवलं तर बापाला दंड होता, दंड! मी सूर्योदय सक्तीचा केला तर काय बिघडलं?" काकांचा दंड म्हणजे न येणाऱ्याने मंडळींना सेवउसळ खिलवायची. सेवउसळ परवडते, पहाटेचे चार परवडत नाहीत, असं मानणारे आता बरेच झालेत.

मी मात्र या जानेवारीत सापडलो. गाडीत बसताना मी एक बिनतोड मुद्दा काढला: जानेवारीत बडोद्यात सूर्य सव्वासातनंतर उगवतो, मग चारला कशाला? काका खूश झाले. ते अशा प्रश्नाची वाटच बघत असतात. "घड्याळ आपलं मिर्झापूरच्या रेखांशाचं, साडेब्याऐंशीचं. सूर्य बडोद्याचा, सव्वात्र्याहत्तरचा. एका अंशाला चार मिनिटं. म्हणजे सदतीस मिनिटांचा फरक पडला ने?" पडला. पण त्या हिशोबाने आम्ही चार वाजता नव्हे, सदतीस मिनिटं उशिरा निघायला हवं होतं, हे माझ्या लक्षात येईपर्यंत जरोद मागे पडलं होतं.

माचीला चहा झाला. रोपवे १९८६ पासून आहे, पण तो त्याच्या वेळेने सुरू होतो आणि सूर्य सूर्याच्या. तेव्हा पायऱ्या. पायऱ्या किती, हे काकांनी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. "थोड्याच आहेत ने!" एवढंच. आजूबाजूने 'जय माताजी' म्हणत महाकालीच्या दर्शनाला निघालेल्या आज्या आम्हाला मागे टाकत होत्या. मी धापा टाकायला थांबलो की काका इतिहास काढत. "महमूद बेगड्याला हा गड घ्यायला दीड वर्षाहून जास्त वेढा घालावा लागला. १४८४ मध्ये मिळाला. तू अर्ध्या तासात रडतोस?" बेगड्याला निदान पहाटे उठायची सक्ती नव्हती, हे मी मनात म्हटलं. बोलायला श्वास नव्हता.

वर एका कठड्याशी काकांनी तिपाई उभी केली. तिचा एक पाय ढिला. त्याला जुना मफलर बांधलेला. वाऱ्याने हलू नये म्हणून मधल्या आकड्याला ते वजन लटकवतात. वजन म्हणजे लीलो चेवडोची दोन किलोची पिशवी. मंडळी गप्पा मारता मारता त्या पिशवीत हात घालतात. त्यामुळे काकांचे पहिले फोटो रेखीव येतात आणि पुढचे हळूहळू हलत जातात. कुठला फोटो किती वाजताचा, हे त्यावरून बरोबर ओळखता येतं.

सूर्याला अवकाश होता, म्हणून काकांनी खाखरा काढला. गोल खाखरा म्हणजे क्षितिज. त्याच्या कडेला बोटाने एक तुकडा मोडून म्हणाले, "हा जून." थोडं पुढे दुसरा तुकडा मोडला. "हा डिसेंबर. उगवायची जागा या दोघांच्या मधे फिरते. आपल्याकडे पन्नास अंश!" दोन्ही तुकडे त्यांनी कठड्यावर जागच्या जागी मांडून ठेवले. समोर पूर्व तांबडी होऊ लागली.

आणि त्या दिवशी सूर्य अगदी फर्स्ट क्लास उगवला. ढग नाही, धुकं नाही. पोरांनी तळहातावर सूर्य धरल्याचे फोटो काढून घेतले. काकांचा चेहरा मात्र उतरत गेला. मला उलगडा होईना. मग लक्षात आलं: आजवर दर खेपेला ढग आडवे येत आणि काका समाधानाने म्हणत, "पुढच्या रविवारी." आज पुढचा रविवारच हिरावला गेला होता.

त्यांनी सूर्याकडे पाठ केली. तिथेच थबकले. पश्चिमेकडे, खालच्या सपाट मुलखावर पावागडाची सावली पडली होती. निळसर, टोकदार, थेट क्षितिजापर्यंत. डोंगर कसाही वेडावाकडा असला तरी लांब गेलेली सावली त्रिकोणीच दिसते, रेल्वेचे रूळ दूर जाऊन जुळल्यासारखे दिसतात तशी. सूर्य जेमतेम एक अंश वर असताना सातशे मीटरच्या या डोंगराची सावली चाळीसेक किलोमीटर जाते. पाचेक मिनिटांचा खेळ. काकांनी होकायंत्र काढलं, तोंडातल्या तोंडात काही मोजलं आणि ओरडले, "सावली सावलीवर पडली!"

खोटं नव्हतं. वायव्येकडे त्याच दिशेला सावली गाव आहे. १७३२ मध्ये डाकोरला मारले गेलेल्या पिलाजीराव गायकवाडांचं दहन जिथे झालं, ते. काकांचा आवाज कापत होता. "म्हणजे बडोद्यावर कधी पडेल? बडोदं नैर्ऋत्येला. म्हणजे सूर्य पार ईशान्येला सरकायला हवा. म्हणजे..." ते खाखऱ्याकडे धावले.

"जून कुठे गेला?"

जून मी खाल्ला होता. साडेतीनपासून पोटात काही नव्हतं.

"जूनच्या तिसऱ्या आठवड्यात," काकांनी मनाशीच उत्तर दिलं, "गडाची सावली आपल्या घराच्या रोखाने!"

"काका, जूनमध्ये पाऊस असतो. ढग असतील."

काकांच्या चेहऱ्यावर सोनेरी तास उजाडला. "असणारच! दर वर्षी असणार!" डिसेंबर माझ्या हातावर ठेवत ते म्हणाले, "घे, हापण खा. दर जूनला यायचं ने आता."