पाहून सांगतो

लाखांदूरकडे कुणाला धानाच्या बांधीत अनोळखी पाखरू दिसलं की तो आधी मोबाईल काढतो. फोटोत आभाळ येतं, विजेची तार येते आणि तारेवर एक काळा ठिपका येतो. तासाभरात हा ठिपका गुरुजींकडे पोहोचतो. खाली प्रश्न असतो, 'गुरुजी, हे कोनतं पाखरू होय?'

गुरुजी निवृत्त. मोतीबिंदू एकाच डोळ्याचा काढलेला, दुर्बीण मात्र आठवडी बाजारातही गळ्यात. 'मला ठाऊक नाही' हे त्यांनी नोकरीत कधी म्हटलं नाही, मग आता कशाला म्हणतील? दोन बोटांनी ताणताच ठिपका चौकोनी होतो, मग धुरकट, मग नाहीसा. तरी उत्तर जातंच : 'स्थलांतरित आहे.' कुठून? सायबेरियातून. एकदा तर बाभळीखाली कचाकचा भांडणारे सातभाईसुद्धा तिकडूनच आले होते.

फोटो जरा बरा असला की उत्तर येतं, 'पाहून सांगतो.' म्हणजे सलीम अलींचं पुस्तक उघडतो. हे पुस्तक पहिल्यांदा १९४१ मध्ये निघालं. गुरुजींची प्रत बरीच अलीकडची, पण बोलतात असं की मुद्रितं त्यांनीच तपासली.

त्यांची खरी फजिती केली ती वंचकाने. हिवाळ्यात हा बगळा चिखलाच्या रंगाचा. उडाला की एकदम पांढराशुभ्र. पावसाळ्यात विणीच्या दिवसांत पाठीवर तपकिरी-लाल शाल पांघरून बसतो. गुरुजींच्या वहीत त्याच्या दोन वेगळ्या नोंदी आहेत, दोन्हींखाली सही आणि तारीख. शिक्रा आणि पावशा हा तर कायमचा तंटा. रंग राखाडी, छातीवर पट्टे, झेप तीच, लहान पाखरंसुद्धा फसतात. फरक शोधायचा तर शिक्र्याची चोच आकडेदार, पाय लांब; पावशा कोकिळेच्या कुळातला, चोच साधी, पाय आखूड. फोटोत नेमके पाय पानाआड. गुरुजींनी ठणकावून 'शिक्रा' लिहिलं. फोटो पाठवणारा दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर म्हणाला, "पन गुरुजी, सकारपासून 'पेर्ते व्हा' म्हनून वरडून रायला होता." फोटोला आवाज नसतो, आणि विचारायचं गुरुजींना सुचलं नव्हतं. (मला विचाराल तर बांधावरच्या माणसाला पाखरू निम्मंअधिक ठाऊकच असतं. काय खातं, कुठे बसतं, केव्हा ओरडतं. त्याला फक्त शिक्का हवा असतो.)

५ ते १२ नोव्हेंबर हे गुरुजींचे सुगीचे दिवस. मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सलीम अलींच्या जन्मदिवसापर्यंतचा आठवडा सरकारने २०२० पासून पक्षी सप्ताह ठरवला, आणि शाळाशाळांतून शाल-श्रीफळ सुरू झालं. चितमपल्ली नवेगावबांधला वन अधिकारी होते. गुरुजी त्या तलावावर सहल घेऊन गेले होते. भाषणात मात्र 'चितमपल्ली साहेब आणि मी' असं येतं.

हल्ली शेजारची नववीतली पोरगी मोबाईलवर 'मर्लिन' नावाचं पाखरं ओळखणारं अ‍ॅप उघडते. फोटो, ठिकाण, तारीख दिली की ते पटकन नाव सुचवतं. गुरुजींचं मत : "ते अमेरिकेत बनलं. त्याला चुलबंद नदी काय माहीत!"

परवा मात्र फोटो लख्ख आला. तुमसरकडच्या एका शेतकऱ्याचा. उंच राखाडी पक्षी, लालबुंद मान, भर धानात काड्यांचं घरटं. गुरुजी खुर्चीतून उठलेच. "सारस! राज्यात गोंदिया-भंडाऱ्याबाहेर क्वचितच! आणि हा स्थलांतरित नाही बरं का!"

"सारस होय ते मालूमच हाय," पलीकडून फोनवर आवाज आला. "पन घरट्याभोवतीचा धान कापाचा कसा, अन् नुकसान भरून देनार कोन, ते सांगा ना."

गुरुजींनी दुर्बीण काढून ठेवली.

"तो विषय वनविभागाचा."