खेकड्याच्या पंगतीत साठी : ओसाकाहून अड्याळास पत्र

मुक्काम अड्याळ, तालुका पवनी, जिल्हा भंडारा येथील समस्त वडीलधाऱ्या मंडळींस ओसाका येथील कुटुंबाचा शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

धानाच्या कापणीमुळे अड्याळची मंडळी बाबांच्या साठीला येऊ शकली नाहीत, आणि फोनवरून ‘बाबांना खेकड्याच्या हॉटेलात नेले’ एवढेच कानी पडल्यामुळे मोठ्या आईच्या मनात परदेशस्थ मुलांच्या आर्थिक परिस्थितीविषयी जी शंका उत्पन्न झाली आहे, तिचे साधार निरसन करणे हा प्रस्तुत पत्राचा हेतू होय.

ही शंका निराधार म्हणता येणार नाही. अड्याळच्या शिवारात खेकड्याचे स्थान काय, हे घरच्यांना सांगण्याची गरज नाही: बांधीच्या धुऱ्यात तो बीळ करतो, त्या बिळातून रोवणीसाठी मोठ्या कष्टाने अडवलेले पाणी रातोरात खालच्या बांधीत उतरते, आणि सकाळी शेतकरी त्याच्या नावाने जी वचने उच्चारतो ती पत्रात उतरवण्यासारखी नसतात. पहिल्या पावसानंतर पोरांनी बिळात हात घालून तो धरावा, एखादे बोट चावून घ्यावे आणि घरी रस्सा व्हावा, इतपतच त्याची प्रतिष्ठा. लग्नाच्या वा बारशाच्या पंगतीत खेकडा वाढल्याचे उदाहरण आपल्या घरात नाही. जपानमध्ये मात्र हाच प्राणी मानाच्या ताटातला मानला जातो. अर्थात तिथला खेकडा बांधीतला नसून थंड, खोल समुद्रातला असतो. २०१९ च्या नोव्हेंबरात तोत्तोरी प्रांतात हंगामाच्या पहिल्या लिलावात एकच खेकडा ५० लाख येनांना, म्हणजे त्या वेळच्या दराने ३० लाखांहून अधिक रुपयांना विकला गेला. त्या खरिपात सामान्य धानाचा हमीभाव क्विंटलला १,८१५ रुपये होता, हे ध्यानात घेतल्यास त्या एका खेकड्याच्या मोबदल्यात साडेसोळाशे क्विंटलांहून अधिक धान आले असते. हा हिशेब बाबांनी जेवणापूर्वीच केला, आणि त्यानंतर बराच वेळ ते काही बोलले नाहीत.

जपानी खेकड्यांत मुख्य जाती तीन. पहिली ‘झुवाइगानी’, लांब सडपातळ पायांची; तिचा नर पश्चिम किनाऱ्यावर सापडला की तोत्तोरीकडे ‘मात्सुबा’ आणि फुकुइकडे ‘एचिझेन’ म्हणून मिरवतो, आणि त्याची मासेमारी ६ नोव्हेंबरला सुरू होऊन मार्चात संपते. दुसरी ‘केगानी’, अंगभर केस असलेली, होक्काइदोकडची. तिसरी ‘ताराबागानी’, आकाराने राक्षसी, परंतु प्राणिशास्त्राच्या दृष्टीने ती खरा खेकडा नव्हे, तर शंखात राहणाऱ्या खेकड्याची नातेवाईक आहे. तिचे पाय नांग्यांसह मोजले तर दहाऐवजी आठच भरतात, कारण शेवटची जोडी कवचाखाली दडलेली असते. बाजारात पाय मोजून माल घेण्याची मोठ्या आईची सवय इथे उपयोगी पडली असती.

आता प्रसंगाविषयी. साठाव्या वर्षाला जपानी लोक ‘कानरेकी’ म्हणतात. त्यांच्या जुन्या कालगणनेत दहा चिन्हे आणि बारा प्राणी यांच्या जोड्यांनी वर्षे ओळखली जातात, आणि एकच जोडी साठ वर्षांनी पुन्हा येते. म्हणून साठी गाठलेला मनुष्य कालचक्र पूर्ण करून पुन्हा बाळ झाला असे समजून त्याला बाळाच्या रंगाची लाल टोपी आणि बिनबाह्यांची लाल बंडी घालतात. आपल्याकडेही संवत्सरे साठच. बाबांचा जन्म शके १८८७ मधला, विश्वावसू संवत्सरातला, आणि यंदाचे शके १९४७ हेही विश्वावसूच. जपानी हिशेबानेही १९६५ आणि २०२५ ही दोन्ही एकाच जोडीची, सापाची वर्षे. दोन संस्कृतींचे पंचांग असे तंतोतंत जुळल्यावर लाल बंडी नाकारण्यास बाबांकडे शास्त्राधार उरला नाही. टोपीला मात्र त्यांनी शेवटपर्यंत विरोध केला.

मुहूर्त ठरवताना खरा पेच निर्माण झाला. अशा उपाहारगृहांत शनिवार-रविवारी गर्दी उसळते, त्यामुळे मेज आधीच राखून ठेवावे लागते, आणि १५ नोव्हेंबरची जागा मिळतही होती. परंतु तो दिवस शनिवार, म्हणजे मारुतीचा, आणि त्यावर कार्तिक वद्य एकादशी. जपानी व्यवस्थापिकेला मारुती आणि एकादशी ही दोन्ही कारणे एकाच दूरध्वनीत समजावून सांगणे सुनेच्या जपानी भाषेच्या परीक्षेतही आले नव्हते. अखेर रविवार, १६ नोव्हेंबर, द्वादशी ठरली. एकादशीचा उपवास खेकड्याने सोडणारे घराण्यातले पहिले पुरुष म्हणून बाबांची नोंद व्हावी.

ओसाकात खेकड्याच्या जेवणाचे नाव निघाले की दोतोंबोरी या भागातील ‘कानी दोराकू’ या उपाहारगृहाचा उल्लेख अपरिहार्य ठरतो. १९६२ मध्ये सुरू झालेल्या या दुकानाच्या दर्शनी भिंतीवर पाय आणि डोळे हलवणारा एक अजस्र यांत्रिक खेकडा बसवलेला असून त्याच्यासमोर उभे राहून छायाचित्र काढल्याशिवाय ओसाकाची यात्रा सफल होत नाही, असा पर्यटकांचा समज आहे. बाबांचेही छायाचित्र काढले आहे. जेवण मात्र गर्दी टाळून शहरातल्या दुसऱ्या एका जागी झाले. तिथे स्वतंत्र खोली मिळते, जमिनीवर गवताच्या चटया असतात, आणि बुटक्या मेजाखाली ‘होरीगोतात्सु’ नावाचा खड्डा असतो, ज्यात पाय सोडून बसता येते. म्हणजे भारतीय बैठकीचा मानही राहतो आणि गुडघेही वाचतात. आपल्या समाजमंदिराच्या बांधकामात ही सोय करावी, अशी सूचना बाबांनी केली आहे.

जेवण क्रमाने येते: शिरक्यातला खेकडा, कच्चा खेकडा, अंड्याच्या वाफवलेल्या खिरीसारख्या पण तिखट-गोड काहीच नसलेल्या वाटीत खेकडा, भाजलेला खेकडा, आणि मग मेजावरच उकळणाऱ्या भांड्यात भाज्यांसह शिजणारा खेकडा, ज्यास ‘कानीसुकी’ म्हणतात. प्रत्येकापुढे एक लांब, बारीक हत्यार ठेवलेले असते. त्याच्या एका टोकाला अरुंद चमचा आणि दुसऱ्या टोकाला दोन दाते असतात. स्वयंपाकघरात पायाचे कवच एका बाजूने आधीच कापलेले असते, तरीही दाते आत घालून, हलकेच फिरवून, मांसाची पांढरी, कडेला तांबूस असलेली कांडी अखंड ओढून काढणे हे काम डोळ्यात तेल घालून करावे लागते. जरा घाई झाली की कांडी तुटते आणि उरलेला भाग सांध्यात अडकून बसतो. बाबांची पहिली कांडी तीनदा तुटली. ‘एवढ्याशा मासासाठी एवढा कुटाणा कायले?’ हे त्यांचे उद्गार खेकडा संपेपर्यंतचे शेवटचे स्पष्ट वाक्य ठरले.

कारण खेकडा पुढे आला की माणसे गप्प होतात, हे निरीक्षण जपानी लोकांनी फार पूर्वीच केले आहे, आणि कौटुंबिक समारंभासाठी या पदार्थाची निवड का होते याचे खरे उत्तर, या कुटुंबाच्या मते, त्याच्या चवीत नसून या मौनात आहे. आपल्याकडचे कार्य कशाने बिघडते, याचा विचार व्हावा: कोणाला आधी वाढले, कोणाच्या आहेराचे नाव पुकारायचे राहिले, जावयाला कोपऱ्यात कोणी बसवले, आणि वांग्याच्या भाजीपासून सुरू झालेले बोलणे धुऱ्याच्या वादापर्यंत कसे पोचले. खेकड्याच्या पंगतीत दोन्ही हात गुंतलेले, नजर कवचावर खिळलेली आणि तोंड भरलेले असल्यामुळे रुसण्यास सवड मिळत नाही. प्रत्येकाचा वाटा मोजून आलेला असल्यामुळे ‘अजून एक घ्याच’ हा आग्रह करता येत नाही. आणि गौरवपर भाषणास जो उभा राहील त्याचा खेकडा थंड होतो. मराठी माणूस एकमेकांचे पाय ओढणाऱ्या खेकड्यांचा दाखला व्यासपीठावरून नेहमी देतो. इथे सर्व जण पाय ओढण्यातच गर्क होते, फक्त ते खेकड्याचे होते.

चवीविषयी प्रामाणिकपणे सांगायचे तर खेकडा गोडसर आणि नाजूक लागतो, पण सावजी रस्सा खाल्लेल्या जिभेला तो पथ्याचा वाटतो. अपवाद ‘कानीमिसो’ या हिरवट-करड्या लगद्याचा, ज्याला अनेक जण मेंदू समजतात, परंतु ती खेकड्याची पाचकग्रंथी असते. त्यात मात्र दम आहे. शेवटी त्याच भांड्यातल्या रश्शात भात आणि अंडे घालून ‘झोसुइ’ नावाची मऊ पेज केली जाते. धानाच्या जिल्ह्यातून आलेल्या बाबांनी तिच्या तीन वाट्या घेतल्या आणि आधीचे सर्व पदार्थ पेजेची पूर्वतयारी होती, असा निर्वाळा दिला.

अशा ठिकाणी साठीच तेवढी होते असे नाही. बाळाच्या शंभराव्या दिवशीचे ‘ओकुइझोमे’, जे आपल्या उष्टावणाच्या जवळ जाते पण ज्यात बाळाला घास नुसताच ओठांना लावतात, आणि तीन, पाच व सात वर्षांच्या मुलांचा नोव्हेंबरातला सण, हेही इथे साजरे होतात. बिलाचा आकडा प्रस्तुत पत्रात हेतुपुरस्सर दिलेला नाही.

मोठ्या बाबांचे पारपत्र काढण्याचे काम आबाजींनी मनावर घ्यावे. कापणी आटोपल्यावर, डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात तिकिटे काढल्यास खेकड्याचा हंगाम ऐन भरात असतो. येताना जवसाची चटणी भरपूर आणावी. कळावे, लोभ असावा ही विनंती.