अक्षांशराव

"युरोपला जाऊन आलो," असं कुणी म्हणालं की अक्षांशराव शांतपणे विचारतात, "किती अंशांपर्यंत?"

समोरचा गडबडतो. त्याने आयफेल टॉवर पाहिलेला असतो, टिटलिसच्या बर्फात लोळून झालेलं असतं, व्हेनिसच्या होडीत बायकोचा फोटो काढलेला असतो. अंश कुणी मोजलेत? मग अक्षांशरावच मोजून देतात. पॅरिस 48, टिटलिस 46, व्हेनिस 45. "म्हणजे दक्षिणेतच फिरलात," असं म्हणून ते त्या बिचाऱ्याचे साडेतीन लाख रुपये एका वाक्यात बुडवतात.

हे नाव त्यांना सोसायटीने ठेवलं. ते त्यांच्या कानावर गेलं तेव्हा आम्ही घाबरलो होतो, पण त्यांना ते पदवीसारखं वाटलं. आमचे अक्षांशराव पुण्याचे, एवढंच. बाकी हा माणूस डोंबिवलीत आहे, नाशकात आहे, आणि न्यू जर्सीत मुलाकडे जाऊन तिथून आर्क्टिककडे डोळे लावून बसलेलाही आहे. निवृत्ती, फंडाचे पैसे, शाबूत गुडघे आणि चारचौघांचा मनस्वी कंटाळा एवढं जमलं की तो तयार होतो.

पहिली सहल त्यांनीही गटानेच केली होती. आल्प्समध्ये कुठेतरी साडेनऊ हजार फुटांवर ते पावभाजीच्या रांगेत उभे होते. मागून खांद्यावर थाप पडली आणि आवाज आला, "काय हो, तुम्ही कॉसमॉस बँकेच्या शाखेत यायचात ना?" अक्षांशरावांनी पाव परत ठेवला. जिथे हा प्रश्न येणार नाही तिथेच यापुढे जायचं, असा त्यांनी तिथल्या तिथे संकल्प सोडला.

त्यानंतर साठ अंशांच्या खाली त्यांनी पाऊल ठेवलं नाही. पूर्व युरोपाला तेवढी सूट आहे. तिथे अक्षांश न मोजता वाहनं मोजायची. विमान, मग रेल्वे, मग बस आणि शेवटचे वीस किलोमीटर कुणाच्या तरी गाडीत कोबीच्या पोत्याशेजारी, असं झालं तरच ते गाव पात्र ठरतं.

सुरुवात नॉर्डकॅपने झाली. नॉर्वेचं हे टोक 71 अंशांवर आहे. 307 मीटरचा सरळ कडा, खाली बॅरेंट्स समुद्र, काठावर लोखंडी पृथ्वीगोल. त्या गोलाला टेकून अक्षांशरावांनी फोटो काढून घेतला आणि मग पश्चिमेकडे पाहिलं. समुद्रात घुसलेली जमिनीची एक बुटकी जीभ दिसत होती. ती त्यांच्यापेक्षा दीड किलोमीटरभर अधिक उत्तरेला होती. तिचं नाव क्निव्हशेलोडन. तिथे रस्ता नाही, जाऊन-येऊन अठरा किलोमीटरची पायपीट आहे. बसगाड्या भरून आलेली माणसं 'युरोपचं उत्तर टोक' म्हणून फोटो काढत होती आणि खरं टोक शेजारी मोकळं पडलं होतं. अक्षांशरावांच्या आयुष्यात इतका निर्मळ आनंद पुन्हा आला नसेल. ते चालत गेले. वहिनी गाडीत बसून स्वेटर विणत राहिल्या.

घरी आल्यावर नकाशा उघडला तर दोन्ही टोकं मागेरोया नावाच्या बेटावर निघाली. बेट म्हणजे खंड नव्हे. खंडाचं टोक किनारोडन, ते पूर्वेला, आणि तिथेही चालतच जावं लागतं. आता तिकडे जावं तर पुन्हा अंश कमी होतात! हा पेच सुटेना, तेव्हा त्यांनी सरळ 78 अंशांवर स्वालबार्ड गाठलं.

स्वालबार्ड नॉर्वेचं, पण शेंगेनच्या बाहेर. त्यामुळे ऑस्लोहून तिथे गेलात की तुम्ही शेंगेनमधून बाहेर पडलात, आणि परत यायला व्हिसावर दुसरा प्रवेश हवा. हा नियम अक्षांशराव लिफ्टमध्ये भेटलेल्या दूधवाल्यालाही समजावून सांगतात. वस्तीबाहेर पडायचं तर अस्वलांसाठी बंदूक बाळगलेला माणूस बरोबर लागतो. मांजर पाळायला बंदी आहे. आणि कोळशाच्या खाणींच्या काळापासून तिथे रीत आहे, की हॉटेलात शिरताना बूट दारातच काढायचे. वहिनी म्हणाल्या, "एवढ्या लांब येऊनही चपला बाहेरच ना?"

त्यात संकष्टी आली. उन्हाळ्यात तिथे सूर्य मावळत नाही, हे वहिनींना माहीत होतं. पण पौर्णिमेच्या आगेमागे चंद्रही कित्येक दिवस उगवत नाही, हे त्यांना यजमानांनी सांगितलं नव्हतं. अक्षांशरावांनी कागदावर क्षितिज काढलं, चंद्राची कक्षा काढली आणि तो का उगवणार नाही ते सिद्ध केलं. वहिनींनी ऐकून घेतलं, फोनवर कालनिर्णय उघडलं, पुण्याचा चंद्रोदय पाहिला आणि त्या वेळेला लख्ख उन्हात मोदक म्हणून खजूर खाऊन उपास सोडला.

तिथेही एक ठसठस राहिलीच. आणखी उत्तरेला न्यू-ओलेसुंडमध्ये भारत सरकारचं 'हिमाद्री' हे संशोधन केंद्र 2008 पासून आहे. म्हणजे आपली माणसं आधीच पोचलेली! "ते कामासाठी जातात," असं म्हणून अक्षांशराव स्वतःची समजूत घालतात.

गणपतीत चौथ्या दिवशी, पाककृती स्पर्धा आणि फॅन्सी ड्रेस यांच्यामध्ये, त्यांचा फोटोंचा कार्यक्रम असतो. यंदा फॅरो बेटं होती. अटलांटिकमधली अठरा बेटं, डेन्मार्कच्या राज्यातली, माणसांपेक्षा मेंढ्या जास्त. पहिला फोटो संपूर्ण पांढरा. "इथे एक तळं आहे," अक्षांशराव म्हणाले, "आणि ते समुद्राच्या डोक्यावर लटकल्यासारखं दिसतं." दुसरा फोटो पांढरा. "हा त्याच्या पलीकडचा कडा." तिसरा पांढरा, पण कोपऱ्यात एक मेंढी. मागून कुणाचा तरी नातू ओरडला, "आजोबा, लोड होतंय का?" तो हसण्यावारी गेला, पण मला मात्र त्या तिसऱ्या फोटोपाशी त्यांचा हेवा वाटला. समोर काही दिसत नसताना तासन् तास वाऱ्यात उभं राहण्याइतका वेळ मी कुठल्याही डोंगराला दिलेला नाही.

ध्रुवीय प्रकाशाच्या बाबतीत नशीब असंच. ट्रोम्सोजवळ उणे अठरात टेकडीवर तिपाई लावून ते पहाटेपर्यंत उभे राहिले. टेकडीवर ढग. वहिनी झोपडीत चहा ठेवायला उठल्या तर मोरीच्या खिडकीत हिरवा पडदा हलत होता. "डोळ्यांना तो राखाडीच दिसतो, हिरवा कॅमेऱ्यात येतो," हे शास्त्र अक्षांशरावांनी त्यांना नंतर सांगितलं. बऱ्याचदा ते खरंही असतं. वहिनी एवढंच म्हणाल्या, "मला हिरवा दिसला."

खाण्याचा त्यांचा बाणा वेगळाच. मेतकूट, गोडा मसाला नेणाऱ्यांवर ते हसतात, आणि वहिनींच्या पिशवीतलं मेतकूट रात्री गुपचूप भातावर घेतात. नॉर्वेचं तपकिरी चीज मात्र ते सर्वांना चाखवतात. चीज केल्यावर उरलेली निवळी तपकिरी होईपर्यंत आटवून ते करतात. "हा तर करपलेला खवा," असा निकाल आमच्या मजल्यावर लागला आहे.

एखादं ठिकाण त्यांच्या वहीतून कायमचं कटूही शकतं. त्याला ते 'बाटलं' म्हणतात. 2015 साली 'दिलवाले'त शाहरुख आणि काजोल काळ्या वाळूवर नाचले आणि आइसलंड बाटलं. लोफोटेनची बेटं बरीच टिकली. लाकडी माचांवर वाळणारा कॉड, त्या माशांची मुंडकी तिथून थेट नायजेरियाला जातात, ही सगळी माहिती एकट्या अक्षांशरावांची होती. मग तिसऱ्या मजल्यावरच्या जोशी वकिलांनी बारा जणांच्या टूरने लोफोटेन केलं आणि येताना लिफ्टमध्ये मुंडक्यांचीच गोष्ट सांगितली. अक्षांशराव दोन दिवस खाली उतरले नाहीत.

म्हणून मग एस्टोनिया. तिथल्या सर्वोच्च शिखरावर ते चढून आले. उंची 318 मीटर. आमचं पुणं साडेपाचशे मीटरच्या वर आहे, म्हणजे तळमजल्यावर वॉचमनच्या खुर्चीत बसलेला माणूसही त्या शिखराकडे खाली वाकून बघतो. हे मी बोललो नाही. सारेमा बेटावर उल्केने पडलेलं काली नावाचं विवर आहे, एकशेदहा मीटर रुंदीचं. त्याच्या काठावर बसून अक्षांशरावांचे डोळे भरून आले होते म्हणे.

"आणि लोणार?" मी विचारलं. "ते जवळजवळ दोन किलोमीटर रुंद आहे."

"लोणार म्हणजे बुलढाण्यात ना?" ते म्हणाले. "बघू. तिकडे ऊन फार असतं हो."

सध्या रोमानियातलं मारामुरेश चालू आहे. सापुन्त्सा गावात एक आनंदी स्मशान आहे. स्तान इओन पात्राश नावाच्या कारागिराने 1935 पासून तिथे ओकाचे निळे क्रूस कोरले. प्रत्येकावर मेलेल्या माणसाचं चित्र, आणि खाली बहुतेक ठिकाणी तो स्वतःच बोलतोय अशा थाटाच्या चार ओळी. दारुडा आपल्या दारूबद्दल बोलतो, जावई सासूला शांत झोपू द्या म्हणून विनवतो. पात्राशने स्वतःचा क्रूसही स्वतःच करून ठेवला होता. 1977 मध्ये तो वारला आणि तिथेच आहे. अक्षांशराव हे इतकं रंगून सांगत होते की चहा निवला.

"आपल्यात थडगी नाहीत म्हणून सुटलात," वहिनी कप उचलताना म्हणाल्या. "नाहीतर मी तुमच्यावर कोरून घेतलं असतं, 'स्वर्गात आलो. जागा बरी आहे. पण आधीच बरीच माणसं येऊन गेलेली दिसतात.'"

अक्षांशराव थोडा वेळ गप्प बसले. मग मला म्हणाले, "नरकाचं काय हो? तिकडेही गर्दीच असेल."