तळ्यात-मळ्यात

"पंचवीस रुपये वाटा म्हणजे स्वस्तच मिळाली की," आई फोनवर म्हणाली.

"वाटा नाही गं. एक."

"एक किलो?"

"एक कोळंबी."

पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही. आई अलिबागची. जवळ्याहून जेमतेम मोठ्या कोळंबीला नगावर पैसे मोजणारा, आणि वर ती न खाता पाळणारा मुलगा आपल्या पोटी कसा निपजला, हे कोडं ती सोडवत असावी. मग पुढचं मी तिला सांगितलंच नाही. पुढचं असं, की कोळंब्या अजून घरी आल्याच नव्हत्या. तीन आठवडे मी फक्त त्यांच्या पायाखाली काय अंथरायचं, एवढंच ठरवत होतो.

टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद. तळाशी दोन इंचांचा थर धरला तर हिशेब नऊ लिटरचा येतो, म्हणजे अर्धी बादली. "घराची फरशी तू दहा मिनिटांत पसंत केली होतीस," बायकोने आठवण करून दिली. मी म्हणालो, घराच्या फरशीने पाण्याची चव बदलत नाही. इथे बदलते. तळाशी घातलेली वस्तू पाण्यात काही सोडते किंवा पाण्यातलं काही ओढून घेते, आणि कोळंबीला त्याच पाण्यात श्वास घ्यायचा असतो, कात टाकायची असते, पोरं वाढवायची असतात.

लहानपणी आम्ही तळ्यात-मळ्यात खेळायचो. रेघेच्या आत तळं, बाहेर मळा. मी नेहमी पहिल्या तिघांत बाद व्हायचो, कारण उडी मारण्याआधी विचार करायचो. ही टाकी म्हणजे तोच खेळ, फक्त इथे दोन्हीकडे एकदम उभं राहायचं असतं. झाडांना मळा हवा: मुळं रोवायला माती आणि पोटाला खत. कोळंबीला तळं हवं: स्वच्छ आणि स्थिर. मळ्याचं खत तळ्यात उतरलं की तळ्याचं गटार होतं.

दुकानदाराला हा प्रश्नच मान्य नव्हता. "साहेब, ही गुलाबी रेती टाका, लायटीत झकास दिसते." गुलाबीशेजारी निळी होती, निळीशेजारी पोपटी. माझं तोंड पाहून त्याने फळीवरून एक पिशवी काढली आणि आवाज खाली आणला. "मग ही सॉइल न्या. जपानी."

त्या पिशवीमागे खरोखरच एक मोठा माणूस उभा आहे. जपानमधल्या निगाताचा ताकाशी अमानो. आधी सायकलशर्यतीत उतरणारा, मग छायाचित्रकार. त्याने १९८२ साली पाण्याखालच्या बागांचा उद्योग काढला आणि काचेच्या टाकीत डोंगर, कुरणं, अरण्यं उभी केली. शेवाळ खाणारी एक कोळंबी त्याने टाकीत अशी रुळवली, की जग तिला आजही अमानो श्रिंप म्हणतं. त्याच्या पद्धतीची ही माती म्हणजे भाजून केलेले मोहरीएवढे, ज्वारीएवढे दाणे. ती पाण्यातला क्षार शोषते आणि पाणी मऊ, किंचित आंबट करते. लालपांढऱ्या पट्ट्यांच्या क्रिस्टल रेड कोळंबीला नेमकं तसंच पाणी लागतं. ती जातच नाजूक. १९९० च्या दशकात जपानमध्ये हिसायासु सुझुकी यांनी निवडून निवडून वाढवलेली.

पण माझ्या मनात होती ती साधी चेरी. लाल, इंचभर, मूळची तैवान आणि चीनच्या ओढ्यांतली, बऱ्याचशा पाण्यात निभावून नेणारी. तिच्यासाठी ही माती घेणं म्हणजे भाकरी खाणाऱ्या पाहुण्याला रोज केक वाढणं. शिवाय ही माती सुरुवातीचे काही आठवडे अमोनिया सोडते. वर्ष-दोन वर्षांत तिची क्षार शोषण्याची ताकद संपते, आणि पाणी जड असेल तर त्याहून लवकर. आमच्या इमारतीत नळाला धरणाचं पाणी येतं तेव्हा माझं टीडीएस मीटर नव्वद दाखवतं. एप्रिलात टँकर आला की सहाशे. टँकरच्या पाण्याशी झुंजायला मी जपानहून माती आणायची, हे मनाला पटेना.

मग स्वदेशी. अमेरिकेतल्या डायना वॉलस्टॅड बाईंनी १९९९ साली पुस्तक लिहून सांगितलं, की कुंडीतली साधी माती खाली घाला, वर रेतीचा थर द्या, झाडं खूश राहतात. बाईंचं बरोबरच आहे. चुकलो मी. लोणच्याच्या रिकाम्या बरणीत प्रयोग केला आणि माती घेतली बाल्कनीतल्या गुलाबाच्या कुंडीतली, भरपूर शेणखत घातलेली. वर तीही दाबून भरली. चौथ्या दिवशी रेतीतून बुडबुडे यायला लागले. सहाव्या दिवशी बायकोने गॅसवाल्याला फोन लावला. हवा न मिळता खाली काही कुजलं की कुजक्या अंड्यांचा वास येतो, हे मी तिला शास्त्रीय पद्धतीने समजावलं. बरणी त्याच संध्याकाळी घराबाहेर गेली. मी थोडक्यात वाचलो.

एवढ्यात आई आली. पिशवीत कोकम, पोह्याचे पापड आणि खाली पाच किलो वाळू. "किनाऱ्यावरची आहे. फुकट," ती म्हणाली. 'फुकट' हा शब्द तिने जरा सावकाश उच्चारला. मी चमचाभर वाळू बशीत घेऊन वर लिंबू पिळलं. वाळू सोड्यासारखी फसफसली. शिंपल्यांचा चुरा, म्हणजे निव्वळ चुना. तळभर अंथरली तर पाणी जड करत राहणार. आईने आधी बशीकडे पाहिलं, मग पिळून संपलेल्या लिंबाकडे. वाळू माळ्यावर गेली.

शेवटी उत्तर रस्त्याच्या कडेला सापडलं. शेजारी बांधकाम चालू होतं, तिथे काळ्या दगडाची कच पडली होती. खडीच्या खालची, दोन-तीन मिलिमीटरची. मुकादमाने विचारलं, "कशाला पायजे?" मी म्हटलं, कोळंबीला. त्याने पुढे काही विचारलं नाही, घमेलं भरून दिलं. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंडावलेला लाव्हा आता माझ्या पाण्यात नवीन काय सोडणार? लिंबाच्या परीक्षेत दोन-चार पांढरे खडे फसफसले. आपल्या काळ्या दगडाच्या पोकळ्यांत कॅल्साइट भरलेलं असतं, ते हे. वेचून टाकले. मग चौदा पाण्यांनी कच धुतली. काळ्या तळावर चेरी जास्त लाल दिसते, हा वरचा फायदा. पांढऱ्या तळावर ती अंगाचा रंग आवरून घेते.

म्हणजे तळं झालं. मळ्याचं काय? जावा मॉस आणि अनुबियास यांना मातीची गरजच नसते, लाकडाला दोऱ्याने बांधले की झालं. प्रश्न क्रिप्टोकोरिनचा होता, त्याची सगळी भिस्त मुळांवर. तेव्हा संक्रांतीची उरलेली न रंगवलेली सुगडं आठवली. हळदकुंकू घासून काढलं, बिनखताची तांबडी माती चाळून भरली, वर बोटभर कच दिली, प्रत्येकात एक रोप लावलं आणि सुगडं गळ्यापर्यंत पुरली. एक रिकामं सुगड आडवं ठेवलं. महिनाभर टाकी नुसती चालू ठेवली, अमोनिया पचवणारे जिवाणू वाढेपर्यंत. मग दहा कोळंब्या सोडल्या. दहाही जणी थेट आडव्या सुगडात शिरल्या.

दोन महिने छान गेले. मग एक कोळंबी मेलेली मिळाली, मानेभोवती पांढरी कडी. कात टाकताना अडकली होती. नळाचं पाणी मऊ, आणि माझी कच काही न देणारी. पाण्यात चुना कमी पडला की असं होऊ शकतं. मी स्टूल लावून माळ्यावर चढलो. आईच्या वाळूतले शिंपल्यांचे मूठभर तुकडे मलमलच्या पुरचुंडीत बांधून फिल्टरजवळ टांगले. हे तिला मुद्दाम कळवलं नव्हतं. दिवाळीला आली तेव्हा तिने स्वतःच पाहिलं, आणि काहीच बोलली नाही, जे जास्त झोंबलं.

चष्मा पुसून तिने काचेला नाक लावलं. पोटाखाली पिवळसर अंडी धरलेल्या दोन माद्या सुगडाच्या काठावर बसल्या होत्या.

"किती झाल्या आता?"

"चाळीसेक असतील."

तिने डोळे बारीक केले, मनातल्या मनात कसला तरी हिशेब केला.

"सोलल्यावर," ती म्हणाली, "एका वांग्यालासुद्धा पुरायच्या नाहीत."